अतिसंथ, डी मायनर

धाकटीची गाडी संध्याकाळची होती, म्हणून रेकॉर्डिंग दुपारीच उरकून टाकायचं ठरलं. वाजवायचा होता चौघांसाठी लिहिलेल्या एका रचनेतला फक्त दुसरा भाग. पट्टी डी मायनर, लय अतिसंथ, आणि भाव म्हणाल तर घरात कुणी आजारी असताना माणसं दबक्या पावलांनी वावरतात तसा. दादाचा लाडका भाग. दादा गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी एवढं वाजवून ठेवायचं आणि मग चौकडी मोडायची, असं दोघी बहिणींनी ठरवलं होतं.

या चौकडीला ओळखीचे लोक चांडाळचौकडीच म्हणत. पहिलं व्हायोलिन दादाचं, दुसरं धाकटीचं. मधली बहीण व्हिओला वाजवायची. व्हिओला म्हणजे व्हायोलिनची थोराड बहीण. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण ती नसली की सगळं पोकळ वाटतं. खर्जातल्या चेलोवर मधलीचा नवरा. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादानंच दोघींना वाढवलं, हातात वाद्यं दिली. मग सोडलं मात्र नाही. परगावच्या वाद्यवृंदानं धाकटीला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा दादानं मोडता घातला. "एक उठला की उरलेला नुसता गोंगाट," म्हणायचा. आता तिसऱ्यांदा बोलावणं आलं होतं, आणि ही गाडी चुकली तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती. काही झालं तरी धाकटीला गाडीत बसवायचंच, असा चंग मधलीनं बांधला होता.

भाड्याची खोली उंच छताची होती, भिंतींना जाड पडदे, लाकडी जमीन. दादाच्या खुर्चीवर बाहेरून बोलावलेले एक वादक बसले. सगळे त्यांना पाहुणे म्हणत.

"लय जरा चालती ठेवू या," मधली म्हणाली. "दादा फार रेंगाळायचा."

"रेंगाळायचा कसला, मुक्कामच ठोकायचा!" नवरा म्हणाला. धाकटी हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

गज तारांवर टेकले. नाकातून ओढलेला एक लांब, खरखरीत श्वास ऐकू आला आणि चौघांनी एकदम सुरुवात केली.

पहिल्या काही ओळी ठीक गेल्या. मग मधलीला गज पुरेना. सूर संपायच्या आधीच गजाचं टोक येई. कुणीतरी लय ओढत होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, तर तो तिच्याचकडे पाहत होता. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तिनं मान डावीकडे वळवून घेतली होती, उजवीकडे बसलेल्या पाहुण्यांपासून दूर. पडद्यांच्या फटीतून जमिनीवर आलेलं ऊन सरकत सरकत समोरच्या पडद्यावर चढलं, तरी तो भाग संपेना.

शेवटी पाहुण्यांनीच हात थांबवला.

"सुरात काहीतरी गडबड आहे," ते म्हणाले. त्यांनी खिशातला सूर जुळवायचा नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी धरला, मग एक मोकळी तार छेडली. "आपण अर्धा सूर खाली आहोत. चौघंही."

असं होतं कधीकधी. चौघं मिळून उतरत जातात, एकमेकांशी जुळलेलेच राहतात, म्हणून कुणालाच कळत नाही. पण ते बोटांनी दाबलेल्या सुरांचं. मोकळ्या तारा कशा उतरतील? आणि चार वाद्यांच्या सोळाच्या सोळा?

"पुन्हा जुळवा," मधली कशीबशी म्हणाली. "आणि पाहुणे, सुरुवातीचा तुमचा श्वास... तो जरा छोटा घ्याल का? लय तिथंच बसते."

पाहुणे गोंधळले. "मी श्वासानं इशारा देत नाही. मी मान हलवतो."

धाकटीचा हात उजव्या कानाकडे गेला.

"मग माझ्या उजव्या कानाशी तो श्वास..." धाकटी पुटपुटली. "ताई, मला वाटलं, हे पाहुणेच..."

"नको वाजवायला," नवरा म्हणाला. "चल, तुला स्टेशनवर सोडतो."

"नाही भावजी." धाकटीनं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. "अर्धवट सोडून गेले तर जन्मभर ऐकू येत राहील मला. एकदा संपवू या."

तारा पुन्हा जुळवल्या. पाहुण्यांनी मान हलवली, पण त्याआधीच तो श्वास आला, आणि घरच्या तिघांचे हात त्याच्याचबरोबर उठले. दादाच्या श्वासावर उठायची इतक्या वर्षांची सवय, हात दुसऱ्या कुणाचं ऐकणार? लय पुन्हा जड होऊ लागली. धाकटीचा ऊर त्याच संथपणानं वरखाली होत होता, आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. तिचे ओठ निळसर दिसू लागले.

मधलीला रडू आलं आणि रागही आला. व्हिओलाच्या वाट्याला या भागात एकच काम, मधले ठोके भरत राहणं. कुणाचं लक्ष नसतं, पण सगळे चालतात त्याच ठोक्यांवर. तिनं ते ठोके पुढं रेटले. चेलोनं तिला साथ दिली. गज दगडात रुतल्यासारखा ओढावा लागत होता, खांदा भरून आला.

"दादा," ती वाजवता वाजवताच मोठ्यानं म्हणाली, "खूप केलंस रे आमचं. आता जाऊ दे तिला."

आणि लय सुटली. शेवटचा सूर लागला, विरला. धाकटीनं बुडता माणूस वर येऊन घेतो तसा श्वास घेतला. पाहुण्यांनी नादकाटा आपटून पाहिला. सूर बरोबर होता.

मग एकच धावपळ. धाकटीला मिठी मारायलाही वेळ मिळाला नाही. नवऱ्यानं तिला गाडीत बसवून दिलं आणि तसं कळवलं, तेव्हा मधलीला हलकं हलकं वाटलं. तिनं पडदे उघडले, खुर्च्या भिंतीशी लावल्या. थोड्या वेळानं तिचा फोन वाजला.

"बसलीस ना नीट? गर्दी आहे?"

"नाही गं..." धाकटीचा आवाज आला. जन्मापासून ऐकलेला तो आवाज आज किंचित खाली लागला होता. शब्दांमध्ये नको इतकी जागा होती. "डबा... रिकामाच आहे. गाडी मात्र... फार हळू चाललीय, ताई."

"खिडकी लावून घे. वारा लागेल."

पलीकडे चाकांची घरघर ऐकू येत होती.

"खिडकी... डावीकडे आहे," धाकटी म्हणाली. "वारा उजवीकडून येतोय... कानाशी."