इंजिन पाठीमागं

वडवणीच्या नाक्यावर दूध संघाचा टँकर बंद पडला, तेव्हा बॉनेटमधून वाफ निघत होती, आणि ड्रायव्हर शफीच्या डोक्यातूनही. सत्त्याऐंशीचा उन्हाळा. दुष्काळानं जनावरं आटली होती, म्हणून दुधाच्या टँकरमधून गावोगाव पाणी जायचं.

समोरच्या गॅरेजातून पाना घेऊन एक मुलगी आली.

"मिस्त्री कुठंय?"

"मीच हाय. अब्बांचा हात आता उचलत न्हाई. ते सांगतात, मी करते."

ती ख्वाजा मिस्त्रींची सायरा. तुटलेला पट्टा तिनं अर्ध्या तासात बदलला. शफी मात्र कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे बघत होता. खालून चार बारीक चाकं डोकावत होती.

"खेळणं हाय का?"

सायरानं ताडपत्री सारली. निमुळती, एका माणसापुरती मोटार. "शर्यतीची हाय. इंजिन पाठीमागं."

"उलटी बनवली की काय?"

ती हसली. गालावरचा ग्रीसचा डाग हलला... आणि शफीची पुढची खेप उशिरा पोचली.

मग टँकरला वरचेवर काहीतरी होऊ लागलं. कधी हॉर्न, कधी आरसा.

"आज काय बिघडलं?"

"तेच तर कळंना... तुमीच बघा."

हात चालवता चालवता ती सांगायची. महायुद्ध संपल्यावर विलायतेतही टंचाईच होती. तिथल्या हौशी पोरांनी मोटारसायकलचं इंजिन छोट्या मोटारीत सीटमागं बसवलं आणि साखळीनं मागची चाकं फिरवली. शर्यतीच्या मोठ्या गाड्यांवाले आधी हसले. पण दहा-बारा वर्षांत त्यांनीही इंजिन मागं नेलं. हैदराबादच्या एका नवाबानं अशी एक मागवली. अब्बा तिचे मिस्त्री. नवाब देश सोडून गेले, गाडी अब्बांकडे राहिली.

"अशा किती उरल्या असतील?"

"कोण मोजतंय? अब्बांनंतर ही गोष्टबी जाईल..."

त्या दिवशी शफी हॉर्न दुरुस्त न करताच निघून गेला.

दीड महिन्यानं पुण्याहून पत्र आलं. जुन्या मोटारी दुरुस्त करणारी एक कार्यशाळा होती. गाडी पुन्हा चालती करू, पण तिला जाणणारं माणूस हवं. सायरानं दोन वर्षं यावं, अब्बांचीही सोय होईल. 'शफी यांच्या पत्रावरून कळलं', असं त्यात लिहिलं होतं.

पुढच्या गावी टँकरभोवती बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. सायरा सरळ तिथं जाऊन थडकली.

"तुमी लिवलं?"

"चार ठिकानी. तिघांनी उत्तरच दिलं न्हाई."

"मला घालवायची एवढी घाई झालती?"

"घाई?" शफीनं टँकरचा नळ बंद केला. "तू गेलीस तर ह्या रस्त्याला माझं काय हाय? पण गोष्ट जाईल म्हनलीस ना... तवाचा तुझा चेहरा बघवला न्हाई."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"मी जानार," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला, तरी मान हलली. "जा... लई चांगलं होईल. मीच सोडून येतो, आन् लगेच माघारी..."

"माघारी? कावून?"

"गावांना पानी कोन देनार?"

सायरानं त्याच्याकडे नीट पाहिलं. आता तिचा आवाज मऊ झाला. "बरोबर हाय. पाऊस पडंस्तोवर थांबा. मग या. अब्बांना आजच सांगते."

"काय सांगशील?"

"जावई बघून ठेवलाय म्हनून."

शफी लाजला. तिच्यापेक्षा जास्त. घागरीवाल्या बायका खो खो हसल्या, आणि पुढं उभी असलेली सत्यभामाकाकू म्हणाली, "ठरलं ना बाबा? मग आता नळ सोड."