सावलीतल्या पायऱ्या

"घे ना ताई! की आता माझ्या हातचं पाणीही तुला चालत नाही?"

धाकटीचा आवाज चिरकला, तेव्हा कुठे ताईला कळलं की आपल्या डाव्या खांद्यापाशी केव्हापासून एक पेला धरलेला आहे... ती दचकली, घाईने वळली, आणि कोपराचा धक्का लागून पेला वनउद्यानातल्या लाकडी टेबलावर कलंडला. पाणी डब्यांखालून वाहत गेलं. धाकटीचा नवरा शाळेत कवायत शिकवायचा. सगळ्या प्रसंगांवर त्याच्याकडे एकच औषध होतं. त्याने गळ्यातली शिट्टी फुंकली.

"चला, पलटण! पिवळ्या खुणांची वाट, ओढ्यापर्यंत जाऊन परत. रुसवेफुगवे इथेच टेबलावर ठेवा, पाखरं नेतील!"

त्यांची सहा वर्षांची लेक, चिमणी, खुदकन हसली. ताईही हसली, पण तिचं लक्ष समोरच्या झाडीकडे होतं. दोघी बहिणींचा अबोला संपावा म्हणून त्या भल्या माणसाने ही सहल ठरवली होती आणि तिला नाही म्हणवलं नव्हतं. उन्हात ती कसंबसं निभावून नेई. पण रानातली सावली...!

कुणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांमागे त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि पोरकी धाकटी, दोन्ही तिनेच सांभाळली होती. डोळ्याला भिंग लावून खसखशीएवढा स्क्रू ती आजही अचूक बसवी, गिऱ्हाइकं तिच्या नजरेचं तोंडभर कौतुक करत, आणि तीच नजर कडेकडेने मिटत चालली होती. समोरचं तेवढं दिसे. बाजूला उभं असलेलं माणूस दिसत नसे, आणि उजेड कमी झाला की काहीच दिसत नसे. सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की यावर औषध नाही, हा घराण्यात उतरणारा आजार आहे, बहिणीलाही तपासून घ्या. 'नोकरीसाठी दाखला लागतो' अशी थाप मारून तिने धाकटीला नेलं. धाकटीचे डोळे निर्दोष निघाले, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात बसून ताई आनंदाने रडली होती!

त्याच महिन्यात धाकटीचं लग्न ठरलं, दूरच्या गावी. खरं कळलं असतं, तर ती वेडी पोर सारं मोडून बहिणीपाशी बसून राहिली असती. म्हणून ताईने काळजावर दगड ठेवला. "जा तू. मला तुझी गरज नाही," असं तोंडावर म्हणाली, आणि दार लावून घेतलं. आपल्यापाशीच हे संपलं, एवढ्या एका समाधानावर तिने सात वर्षं काढली होती.

वाट झाडीत शिरली आणि एकाएकी जग विझलं. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खोल उतार, मध्ये लाकडाचे ओंडके रुतवून केलेल्या पायऱ्या. ताईच्या हाताला तेवढा कठडा लागत होता. कवायतमास्तर केव्हाच पुढे गेले होते, धाकटी रागाच्या भरात त्यांच्या मागोमाग. शिट्टी खालून कुठूनतरी ऐकू येत होती. बुटाच्या टोकाने पुढची कड चाचपायची, ती सापडली की टाच टेकवायची, मग दुसरा पाय... असं ती मनातल्या मनात घोकत होती.

आणि तिला जाणवलं की मागेही कुणीतरी तसंच चालतंय. आधी टोक, मग टाच.

"चिमणे? तू आईबरोबर नाही गेलीस?"

"मी हळू चालते ना, मावशी."

"पायाने काय चाचपतेस गं?"

"पायरी शोधते."

ताई थबकून मागे वळली. "दिसत नाही तुला?"

"सावलीत कुणालाच दिसत नाही ना!" चिमणी अगदी सहज म्हणाली. "पण बाकीचे सगळे पटापट चालतात. आई म्हणते, मी वेंधळी आहे."

नाही... नाही! हे लेकरू नको! माझं घे, उरलंसुरलं सगळं घे, पण हिचे डोळे...! तिने कठडा दोन्ही हातांनी आवळून धरला. त्याच क्षणी खालून पुन्हा शिट्टी वाजली. "बाबा!" म्हणून चिमणी तिच्या अंगावरून सरकून पुढे झाली, आणि कठड्यावरून हात सरकवत पुढे निघालेल्या ताईच्या बोटांखाली लाकूड संपलं. कठडा इथे मोडला होता. वाट कुठेतरी वळत होती, शिट्टी मात्र समोरून, थेट खालून येत होती!

"चिमणे, जागेवर थांब! हलू नकोस!"

ती गुडघ्यांवर कोसळली, आवाजाच्या रोखाने दोन्ही हात फेकले, आणि तिच्या मुठीत फ्रॉकचा घेर आला. तिने पोरीला ओढून छातीशी कवटाळलं. एक दगड सुटला होता. तो बराच वेळ गडगडत राहिला. चिमणी मोठ्याने रडू लागली.

धाकटी धापा टाकत वर आली. "ओरडलीस तिच्यावर? एवढीशी पोर ती! माझा राग तिच्यावर काढतेस?"

'पाय घसरला' एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं. सात वर्षांत अशा थापा ताईच्या जिभेवर आपोआप येत. तिने तोंड उघडलंही... आणि छातीशी बिलगलेल्या त्या इवल्या जिवाचा हुंदका तिला जाणवला.

"छोटे, मला दिसत नाही. आत्ता तू कुठे उभी आहेस, तेही दिसत नाही. सात वर्षं झाली... तुझं लग्न मोडू नये म्हणून मी बोलले नाही. आणि हे घराण्यात उतरतं गं, एखाद्याला सोडून पुढच्यालाही गाठतं! चिमणी वेंधळी नाही. तिलाही सावलीत पायरी दिसत नाही."

मग धाकटी अगदी हळू म्हणाली, "सकाळी गाडीत बसताना मी तुझा हात धरायला हात पुढे केला होता. तू बघितलंसुद्धा नाहीस..."

"हात?" ताईने व्याकुळ होऊन विचारलं. "कुठल्या बाजूने केला होतास गं?"

धाकटीच्या तोंडून हुंदका फुटला. ती ताईच्या पुढ्यात मटकन बसली आणि तिच्या खांद्यावर मुठी मारू लागली. "का नाही सांगितलंस? मी तुला दगड समजत राहिले! आणि माझ्या पोरीला... चालायला लागल्यापासून मी तिला वेंधळी म्हणत राहिले!"

"मार मला. माझं चुकलंच. तुला वाचवायला गेले आणि हिचा विचारच..."

"दिसेल ना गं तिला? ताई, सांग ना, दिसेल ना?"

हो म्हणावं, असं ताईच्या ओठांवर आलं. "माहीत नाही," ती म्हणाली. "पण उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मला जे जे ठाऊक आहे, ते सगळं सांगते. आता काही लपवणार नाही."

धाकटी उठली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि एक पाय पुढे टाकला. पायाखाली ओंडक्याची कड होती की पोकळी, हे तिला कळेना. ती तशीच उभी राहिली... दुसरं पाऊल तिला टाकवेना.

"सात वर्षं?" तिने डोळे न उघडताच विचारलं. "अशी? एकटी?"

ताईने चिमणीला आणखी जवळ ओढलं.

"मला खूप भीती वाटतेय, ताई."

"मलाही गं, छोटे..."

धाकटीने डोळे उघडले. एका हाताने लेकीचा हात धरला, आणि दुसरा हात ताईच्या अगदी समोर, तिला सापडेल असा धरला. खालून नवऱ्याच्या हाका चालू होत्या.

"पुढे पायरी आहे," ती म्हणाली. "उजवा पाय टाका, दोघी."