पुढच्याची शेपटी

मोठ गावाहून अंबिकाआत्याला झाशीला आणायचं, काम एवढंच होतं. आदल्या दिवशी आत्या अंगणात पाय मुरगळून पडल्या, घोटा टम्म सुजला, आणि हाडांच्या डॉक्टरांनी दुपारच्या आत घेऊन या असं बजावलं. गाडी दत्ताकाकांची. पण त्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला, म्हणून स्टिअरिंग पुतणीच्या, देविकाच्या हाती आलं. तिला लायसन मिळून जेमतेम दोन महिने झाले होते. झाशीतला गजबजलेला इलाइट चौराहा ती घाम न फुटता पार करू लागली होती, एवढीच तिची आजवरची कमाई.

काका शेजारी बसले. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस शेजारी बसला की नवशिक्याची काय गत होते, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. "क्लच सोड. अगं, हळूच. हॉर्न दे, हॉर्न कशाला दिलाय देवाने!" हात मांडीवर ठेवून ते तोंडानेच गाडी हाकत होते. मनाने वाईट नव्हेत हो, पण सवय जाते थोडीच! आणि देविकाच्या घरात मोठ्यांना उलट उत्तर देण्याची रीत नव्हती. सात पिढ्या झाशीत काढल्यावर घरातली मराठी निम्मी हिंदीत विरघळली, ही रीत मात्र जशीच्या तशी टिकली होती.

वाटेतलं पारीछा गाव मागे पडलं आणि धुकं लागलं. जानेवारीतलं धुकं तिला नवं नव्हतं, पण आजवर ते तिनं खिडकीतून पाहिलं होतं, चहाचा कप हातात धरून. आता ते काचेला येऊन चिकटलं. ओल्या राखेचा वास आत शिरला. सकाळचे नऊ वाजले होते, पण बॉनेटच्या पुढे काही नव्हतं.

"काका, थोडं थांबायचं का? पीछे एक ढाबा दिखा था."

"थांबून काय होणार? आत्या तिकडे विव्हळत असेल. धुक्यात एकच कायदा, बेटा. पुढच्याची शेपटी धरायची. तो गेला तिथून आपण जायचं. मी असाच कानपूरला जाऊन आलोय."

"जी काका."

आणि बोलावल्यासारखा समोर एक लाल दिवा उगवला. एकच. दुसरा फुटला असावा. देविका त्याच्या मागे लागली, आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं. आता रस्ता शोधायचा नव्हता, कडेची पांढरी रेघ बघायची नव्हती. ती हळू झाली की दिवाही हळू व्हायचा. तिनं वेग वाढवला की तोही वाढवायचा. तिचे खांदे सैल पडले. काका कानपूरची हकिगत रंगवून सांगू लागले.

हकिगत संपली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की बऱ्याच वेळात समोरून एकही ट्रक आला नाही. हॉर्न नाहीत. चाकांखाली खडी करकरत होती. तिनं कडेला पाहिलं, पांढरी रेघ नव्हती.

"काका... हा हायवे नाही वाटत."

"काम चालू असेल रस्त्याचं. चल तू. दिवा दिसतोय ना?"

"तुम्हाला दिसतोय?"

काकांनी डोळे बारीक केले. "लाल दिसतंय. तेवढं पुरे आहे."

गाडी खड्ड्यांतून हिंदकळत होती. डोकी छताला लागत होती. आणि पुढचा दिवा... तो जराही हलत नव्हता. त्याच खड्ड्यांतून गेलेली गाडी अशी स्थिर कशी? देविकानं काच खाली केली. आत थंडी आली, पण पुढच्या इंजिनाचा आवाज आला नाही. तिनं ब्रेक दाबून गाडी थांबवली. दिवाही थांबला. तो वाट बघत होता.

"थांबलीस का? देविका, मी सांगतोय ना, चल!"

"नाही, काका."

जन्मात पहिल्यांदा हा शब्द तिनं त्यांना ऐकवला. तिचीच जीभ तिला परकी वाटली. हँडब्रेक ओढून, मोबाइलचा टॉर्च लावून ती खाली उतरली आणि बॉनेटवर हात टेकत पुढे गेली. बंपरच्या पुढे हातभर जमीन होती. मग नव्हती. तिनं पायानं एक दगड ढकलला. कितीतरी वेळानं खालून पाण्याचा आवाज आला. दगडाची जुनी खाण होती ती, पाण्यानं भरलेली. आणि लाल दिवा समोरच होता, तेवढ्याच अंतरावर, अधांतरी. तिच्या डोळ्यांदेखत तो विझला.

तिला रडू फुटणार होतं, पण तेवढ्यात मागे धुक्यात दोन पिवळे दिवे दिसले. कुणीतरी येत होतं, थेट त्यांच्याच मागे. ती ओरडत, टॉर्च हलवत धावली. करकचून ब्रेक लागला. गाडीत नवरा-बायको होते, मांडीवर तान्हं मूल.

"क्या हुआ, बहनजी?" तो माणूस वैतागून म्हणाला. "हम तो आप ही के पीछे-पीछे चले आ रहे थे."

तिनं खाण दाखवली तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दोन्ही गाड्या उलट्या घेत, खाली उतरून रस्ता चाचपत, ते कसेबसे हायवेवर आले. मग ढाब्यावर चहा. काका पेला दोन्ही हातांत धरून बसले. ढाबेवाल्याला आश्चर्य वाटलं नाही.

"हर साल ठंड में एकाध गाड़ी उधर मुड़ जाती है," तो दूध ढवळत म्हणाला. "एक-दूसरे की बत्ती देख के. पर जो सबसे पहले गई होगी, वो किसके पीछे गई, भगवान जाने."

मागच्या गाडीतल्या माणसाने देविकाला हात जोडले. "हम तो कब के रुक जाते, बहनजी. आपकी बिटिया की वजह से चलते रहे."

"कोण बिटिया?"

"वही, पीछे के काँच में. पूरे रास्ते हाथ हिला के बुलाती रही... आओ, आओ."

देविकाचं अजून लग्न व्हायचं होतं. काकांचा पेला तोंडाशी थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

धुकं विरळ झालं तेव्हा तिनं गाडी काढली. मागची सीट रिकामी होती, तिनं दार उघडून बघितली होती. काका पडेल आवाजात म्हणाले, "तुला दिसेल तसं चालव, बेटा. मी काही बोलणार नाही."

चिरगावपाशी एक म्हैस आडवी आली. देविकानं ब्रेक मारला. मागून खट् आवाज झाला.

काकांनी मान वळवली. "पट्टा..." ते कुजबुजले. "मागचा पट्टा कुणी लावला?"

रिकाम्या सीटवर पट्टा लावलेला होता. तो सीटला टेकला नव्हता. पुढे झुकलेल्या अंगानं ताणावा तसा ताणलेला होता.

"काढू का?" काकांनी विचारलं. हात मात्र त्यांचा उचलला नाही.

"नको काका. राहू द्या."

पुढच्या गतिरोधकाला पुन्हा खट् झालं. मग ती दुरूनच वेग उतरवू लागली, ब्रेकवर पाय अगदी हलका टेकवू लागली. भीती तर होतीच, पण मागे बसलेल्याला धक्का बसू नये असंही तिला वाटत होतं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. हळूहळू आवाज थांबला. काकांनी सुटकेचा श्वास टाकला.

देविकानं आरशात पाहिलं. पट्टा आता सैल झाला होता. झोपलेल्या लेकराच्या छातीवरचा असावा, तसा तो हळूच वर येत होता, खाली जात होता.