इचके साहेबांचा हरवलेला पुतळा

"माझा पुतळा चोरीला गेलाय," पाहुणे म्हणाले आणि भिमाजीमामांच्या बशीतला चहा हिंदकळला. समोर धडधाकट बसलेल्या माणसाचा पुतळा! मामांनी मिशा पुसल्या आणि भाचीकडे पाहिलं.

प्रतिभा कोळपेचं ऑफिस दौंड स्टेशनजवळ, एका मेडिकलच्या वर होतं. चोऱ्या, फसवणुकी, लग्नाआधीच्या चौकशा, सगळं ती बघायची. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाल्यापासून भाचीची गाडी चालवत आणि जमेल तसं डोकंही. त्यातली गाडी जास्त चांगली चालायची.

पाहुणे मारुतराव इचके, कवठे येमाईचे. विम्याच्या कंपनीत एजंट म्हणून लागले आणि मोठे साहेब होऊन निवृत्त झाले. नैरोबी, लंडन, सिंगापूर, कुठं राहिले नाहीत असं नाही. मूलबाळ नव्हतं, पत्नीही वारल्या. गावी परत आल्यावर त्यांनी शिरूरजवळच्या विद्यापीठाच्या उपकेंद्राला ग्रंथालय बांधून दिलं. उद्या त्याचं उद्घाटन होतं. पुतळ्याचं अनावरणही उद्याच.

"आज सकाळी कापड काढलं, तर पुतळ्याच्या जागी पाण्यानं काठोकाठ भरलेली घागर," मारुतराव म्हणाले. "पापाचा घडा भरला, दुसरा काय अर्थ? माझ्या सहीनं कितीतरी विधवांचे दावे नामंजूर झालेत. नियमानंच झालेत, पण झालेत. कुणाला माझ्याबद्दल असं वाटत असेल, तर उद्या मी तिथं पाऊल टाकणार नाही. आणि पुतण्या तर वॉचमनला पोलिसांत द्यायला निघालाय."

"पुतळा जड होता?"

"छे! दिसायला ब्राँझ, पण फायबरचा, छातीपर्यंतचा. आतून पोकळ. मूर्तिकारानं बगलेत मारून आणला."

"कालची संध्याकाळ सांगा."

"थोरली बहीण, साखरबाई, बायकांकडून रांगोळी काढून घेत होती. दिवेलागणीला पुतण्यानं, सत्यजीतनं, कुलूप लावलं आणि आम्ही त्याच्या गाडीतून घरी निघालो. मागं कुंड्या कोंबलेल्या. म्हणून आक्काचं गोधडीचं गाठोडं मीच मांडीवर घेऊन बसलो. गुडघ्यांमुळं तिला बसायला गोधडी लागते."

प्रतिभा उठली. "मामा, गाडी काढा."

न्हावऱ्यामार्गे ते शिरूरला पोचले. नव्या ग्रंथालयात चबुतरा रिकामा होता आणि शेजारी तांब्याची घागर ठेवली होती. प्रतिभानं वाकून पाहिलं. घागरीच्या गळ्याखाली हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती.

"पूजेची घागर," सत्यजीत म्हणाला. चाळिशीचा, इस्त्रीच्या कपड्यातला माणूस. "काल कोपऱ्यात रिकामीच पडली होती."

वॉचमन पप्पू दाराशी उभा होता. "पुसायला म्हनून कापड म्याच काढलं. मुंडक्याच्या जागी घागर! उचलाया गेलो तर समदं पानी अंगावर."

"नाटकं करू नको," सत्यजीत कडाडला. "याचा बाप म्हस्कू याच माळावर मेंढरं चारायचा, मॅडम. कुंपण घातलं गेलं, चराई बंद झाली. तेव्हापासून राग धरून आहेत."

"बापाला राग व्हता, न्हाई म्हनत न्हाई," पप्पू शांतपणे म्हणाला. "पर माझी राजनंदिनी हितं बीएस्सीला हाय. घरी लाइट टिकत न्हाई. हितं बसून अभ्यास करनार ती. मी कशापायी वाटुळं करीन?"

प्रतिभा सत्यजीतकडे वळली. "कुलूप लावताना तुम्ही पुतळा पाहिलात?"

"पाहिला की."

"पुतळा, की कापड?"

सत्यजीत घुटमळला. "कापड. दुपारी फोटोवाला येऊन गेला, त्यानंतर मीच झाकला होता."

"त्यानंतर हॉलमध्ये एकटं कोण होतं?"

"एकटं कुणीच नाही. बायका चहाला गेल्या तेव्हासुद्धा आक्का होतीच."

बाहेर आल्यावर मामा कुजबुजले, "किल्ली याच्याकडं, गाडी याची. सोपं हाय गं."

"मामा, रिकाम्या तिजोरीलाही कुलूप लागतं," प्रतिभा म्हणाली. "चला, आक्कांना भेटू. पप्पूलाही घ्या बरोबर."

कवठ्याला साखरबाईंनी शेंगोळी केली होती. सत्तरी ओलांडलेली ही बाई गुडघे कुरकुरत असले तरी अजून विहिरीवरून पाणी आणायची. मामांनी दोन वाट्या संपवल्या. भिंतीवर इचक्यांच्या गेलेल्या पिढ्या चंदनाचे हार घालून ओळीनं बसल्या होत्या. मारुतरावांचा सत्काराचा मोठा फोटो मात्र टीव्हीमागं जमिनीवर टेकवलेला होता.

"हा टांगला नाही, आक्का?" प्रतिभानं विचारलं.

"खिळा न्हाई गावला," साखरबाई म्हणाल्या आणि ताटं उचलायला वळल्या.

मामांच्या डोक्यावरच भिंतीत एक चांगला खिळा मोकळा होता. त्यांनी टोपी अडकवायला म्हणून तो केव्हाच हेरला होता.

जेवणं झाल्यावर मारुतराव आणि सत्यजीतसह सगळे पडवीत बसले. प्रतिभानं सुपारी तोंडात टाकली.

"साहेब, पप्पूला सोडा. कुलपाला कुणी हात लावलेला नाही. पुतळा कुलूप लागायच्या आधीच गेला होता. सत्यजीतरावांनी घागरीवरच्या कापडाला कुलूप लावलं."

"पण नेला कुणी?" सत्यजीत म्हणाला. "बाहेर सगळे होते. काखेत पुतळा घेऊन जाणारा दिसला नसता?"

"आधी घागर बघा. तुम्हाला भरलेल्या घागरीत पाप दिसलं. पण अपमान करणारा माणूस हळदकुंकू लावत बसेल? बाहेर निघताना समोर भरली घागर आली तर आपण काय म्हणतो? शुभशकुन. ती ठेवणाऱ्या माणसाला तुमचं बरंच व्हावं असं वाटत होतं. चबुतरा रिकामा सोडणं त्याच्या जिवावर आलं."

साखरबाई पदराचं टोक पिळत होत्या.

"मग मी आतल्या भिंतीकडं पाहिलं. तिथं टांगलेले सगळे देवाघरी गेलेले. जिवंत माणसाचा फोटो खिळा असूनही टांगलेला नाही. या घरात कुणाला तरी जिवंत माणूस त्या ओळीत बसलेला सोसत नाही. मग त्याच माणसाचा पुतळा उभा राहतोय, त्याला हार पडणार, हे कसं सोसेल? हॉलमध्ये 'एकटं कुणीच नव्हतं', कारण घरच्या माणसाला कुणी मोजत नाही. उरलं एवढंच, की पुतळा बाहेर गेला कसा." ती मारुतरावांकडं पाहून हसली. "तुम्हीच नेलात, साहेब. गोधडीत गुंडाळलेला, स्वतःच्या मांडीवर घेऊन."

मारुतरावांचं तोंड उघडं राहिलं. खोटे दावे पकडण्यात हयात गेलेला माणूस!

"आक्का, तू?"

"व्हय, मीच!" साखरबाई उसळल्या. "तुला सांगितलं न्हवतं? जित्या मानसाचा पुतळा बसवू ने म्हनून? तू हसलास. म्हातारीच्या खुळ्या समजुती म्हनलास. आयुक्षभर लोकांना मरनाचं सांगून विमं इकलंस, तुला त्याचं काय न्हाई वाटत. मला वाटतंय. मी थोरली हाय. पयला नंबर माझा. तू मधीच घुसायचं न्हाई." मग त्या पप्पूकडं वळल्या आणि आवाज खाली आला. "तुझ्यावर आळ येईल हे ध्यानात आलं न्हाई रं लेकरा. चुकलं माझं."

"असू द्या, आक्का," पप्पू म्हणाला.

सत्यजीतला मात्र त्याच्याकडं बघवेना. "पप्पू, मी बोलायला नको होतं," तो शेवटी म्हणाला.

साखरबाईंनी ज्वारीच्या कणगीमागून गोधडी आणून उलगडली. आतला मारुतरावांचा चेहरा फारच गंभीर होता. खऱ्या मारुतरावांनी त्याकडं पाहिलं आणि त्यांना असं हसू फुटलं, की डोळ्यांतून पाणी आलं.

"असू दे तुझ्याकडंच," ते म्हणाले. "मी गेल्यावर लावतील."

"मग लई दिस पडून राहनार," साखरबाई म्हणाल्या.

उद्घाटन थाटात झालं. भाषणं संपल्यावर मुलं आत शिरली आणि खिडकीजवळची जागा राजनंदिनीनं आधी पकडली. मामा जेवणाची वेळ विचारायला ग्रंथपाल प्रगतीबाईंकडं गेले, तर त्या मोठ्या टेबलाकडं पाहत उभ्या होत्या.

तिथं मारुतरावांनी नकाशांचं जाडजूड पुस्तक उघडलं होतं. साखरबाई चष्मा सावरून वाकल्या होत्या.

"ह्ये नैरोबी? आन् लंडन इकडं? एवढ्या लांब एकटाच रायलास व्हय?" त्यांचं बोट समुद्र ओलांडून परत आलं. "आन् आपलं कवठं कुठं?"

"एवढं लहान गाव यात नाही, आक्का."

"मंग कशाला एवढं जाड पुस्तक?"

मारुतरावांनी खिशातलं पेन काढलं, पुण्याच्या वर एक टिंब दिलं आणि बारीक अक्षरात गावाचं नाव लिहिलं.

ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहायला सक्त मनाई होती. प्रगतीबाईंनी चटकन पाठ फिरवली. "जेवण तयार आहे," त्या मामांना म्हणाल्या. "तुम्ही व्हा पुढं. त्यांना बसू द्या थोडं."