रोज अकरा पानं

माझ्या आईला बुकमार्क करायचं वेड होतं. विकायला नव्हे, भेट द्यायला. कुणाचा वाढदिवस असो, कुणी परीक्षेत पास होवो, कुणी नुसतं घरी येऊन चहा पिऊन जावो, आई त्याच्याकडे मागणी करायचीच, "तुझी रद्दी दे रे मूठभर." कारण तिचा एक नियम होता. ज्याचा बुकमार्क, त्याच्याच हातच्या कागदांचा. जुन्या वह्या, याद्या, पत्रांचे मसुदे, काहीही चालेल, पण अक्षर त्या माणसाचं हवं. "नाहीतर पुस्तकाला कसं कळणार कोण वाचतंय ते?" असं ती अगदी गंभीरपणे विचारायची आणि आम्ही हसायचो.

कागदाचे नखाएवढे तुकडे रात्रभर बादलीत भिजायचे. सकाळी ते मिक्सरमधून फिरवून त्यांचा लगदा करायचा, टबातल्या पाण्यात सोडायचा, त्यात जाळीची चौकट बुडवून अलगद वर उचलायची. पाणी निथळलं की जाळीवर कागदाचा ओला थर राही. तो जुन्या सुती कापडावर उलटा करून फळीखाली दाबायचा, वाळवायचा, मग त्याच्या पट्ट्या कापून वरच्या टोकाला दोरा ओवायचा. आई मिक्सर फार वेळ फिरवायची नाही, त्यामुळे पट्टीत मधूनच एखादी वेलांटी किंवा अर्धा आकडा दिसायचा. "एक दिवस अख्खं घर मिक्सरमध्ये जाणार आहे," असं माझी बायको म्हणायची.

सगळ्यात जास्त बुकमार्क बाबांना लागत. ते शाळेत भूगोल शिकवायचे, आणि निवृत्तीनंतर फक्त वाचायचे. दुपारी तीन ते पाच, खिडकीपाशी, वेताच्या खुर्चीत, रोज अकरा पानं. गोष्ट कितीही रंगली तरी बारावं पान नाही. पुस्तक संपलं की तो बुकमार्क त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानात कायमचा राहायचा आणि आई पुढच्या पुस्तकासाठी नवा करायची. एवढी वर्षं शेजारी बसून ती त्यांची पानं उलटताना बघायची. स्वतः मात्र फारसं वाचायची नाही. तिला वेळ लागायचा. ओठ हलवत, ओळीखाली बोट फिरवत वाचणारी बाई ती.

मी लिफ्ट तपासतो. तारा, ब्रेक, दारं. माणसं सांगतात त्यावर विश्वास ठेवायचा नाही, मोजायचं आणि मग सही करायची, हे माझं काम. म्हणून एका दुपारी बाबा खुर्चीतच बेशुद्ध झाले आणि मी धावत आलो, तेव्हा त्यांच्या मांडीवरचं पुस्तक बंद करतानाही माझी नजर आकड्यावर गेली. दोनशे बारा. बुकमार्क तिथे ठेवला आणि पुस्तक खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. बाबा दवाखान्यातून परत आले नाहीत.

मला दुःख झालं की मी कामाला लागतो. तिसऱ्याच दिवशी मी त्यांच्या कपाटातल्या सगळ्या वह्या बांधल्या आणि रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. आई दारात उभी राहून बघत होती. पाचव्या दिवशी मी खिडकीचा कट्टा पुसायला घेतला. पुस्तक उचललं, तेव्हा बुकमार्क दोनशे सदुसष्टवर होता.

"आई, तू बाबांचं पुस्तक वाचतेस?"

"मी कशाला हात लावू? त्यांची खूण हलवलेली त्यांना आवडायची का कधी?"

मी हिशेब केला. पंचावन्न पानं, पाच दिवस. मग बुकमार्कच्या कडेला पेन्सिलीने बारीक ठिपका दिला आणि पुस्तकाला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टी जशीच्या तशी होती. ठिपका दोनशे अठ्ठ्याहत्तरवर होता. त्यानंतरच्या दिवशी पुस्तक ऑफिसात नेलं आणि खणात कुलूप लावून ठेवलं. तिथे एक पानही हललं नाही. मला बरं वाटलं. पण संध्याकाळी घरी आलो तर आई त्या खुर्चीशेजारी हिरमुसून बसली होती. "दुपारभर घर कसं भकास होतं रे," ती म्हणाली. "त्यांना वाचायलाच काही नव्हतं."

मी पुस्तक पिशवीतून काढून कट्ट्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा पानं. त्यानंतर मी तपासायचं सोडून दिलं. माणूस हट्टी असला तरी त्याला आई असते. ती दुपारी तीनला शेजारी जाऊन बसायची, पाचला उठायची, आणि जेवायला लागली होती. मला आणखी काय हवं होतं? बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "राहू दे. कुणाचं काय जातंय?"

नव्याण्णव पानं उरली होती, म्हणजे नऊ दिवस. आईलाही ते कळत होतं. आठव्या दिवशी तिने माळ्यावरची जाळी काढून मागितली.

"पुढचं पुस्तक मी काढून ठेवलंय. त्यांनी आणलेलं, वाचायचं राहिलेलं. पण खूण कशाची करू? त्यांचे कागद..."

तिने वाक्य पुरं केलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. सगळं घर धुंडाळलं. बाबांच्या अक्षरातली सगळी मिळून चार चिठोरी निघाली. एक विजेच्या बिलामागची बेरीज, एक औषधाची यादी, दोन पत्ते. आईला जाळी पेलवेना, म्हणून ती मी धरली. लगदा इतका पातळ की जाळी वर उचलली की कागद मधोमध फाटे. तीनदा फाटला. आई तोंड धुवायला गेली. ती रडतेय हे मला ऐकू येत होतं. मी स्वयंपाकघरातला खण उघडला, हाताला आल्या त्या किराणाच्या याद्या फाडल्या आणि मिक्सरमध्ये टाकल्या. सगळ्या आईच्या अक्षरातल्या. लगदा म्हणजे लगदा, असा मी विचार केला. चौथ्यांदा कागद छान धरला. मी तिला काही सांगितलं नाही.

नवं पुस्तक तीनशे चौऱ्याऐंशी पानांचं होतं. पहिले दोन दिवस बुकमार्क हलला नाही आणि आईचा चेहरा बघवेना. तिसऱ्या दिवशी हलला. सहा पानं. चौथ्या दिवशी सहा. पाचव्या दिवशी सहा.

"दमले असतील," आई म्हणाली.

त्याच सुमारास तिला दुपारी डोळा लागायला लागला. आधी अर्धा तास, मग तास, मग बरोबर तीन ते पाच. उठली की प्रसन्न असायची. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तो होडीवाला काही परत येत नाही बघ. बायको उगाच रोज नदीवर जाते."

"कोण होडीवाला?"

"अरे, त्या पुस्तकातला."

मी उठून पाहिलं. बुकमार्क साठाव्या पानावर होता. त्या पानावर एका होडीवाल्याची बायको नदीवर उभी होती.

"तू वाचलंस हे?"

"छे रे. माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय ना तुझ्या बायकोने? आठवडा झाला."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तो आकडा काढला. सहाने भागलं तर तीनशे चौऱ्याऐंशी म्हणजे चौसष्ट दिवस. त्यातले दहा संपले होते. ती दिवसेंदिवस जास्त गाढ झोपत होती. आधी एका हाकेत उठायची, मग तीन हाका लागायला लागल्या. हात गार पडायचे. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने तब्येत उत्तम आहे. पण पुस्तक संपलं की पुढे काय, हा प्रश्न डॉक्टरांना विचारता येत नव्हता. बाबा गेले होते, आता आईही जाणार, आणि तेही मी केलेल्या कागदामुळे. दुसरं काही सुचतच नव्हतं.

दीडशेव्या पानाशी मी तिला खरं सांगून टाकलं. चोरी पकडलेल्या पोरासारखा मान खाली घालून उभा होतो. तिने बुकमार्क हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला. मध्यावर तिच्याच हातचा अर्धा 'सा' होता, साबणातला. ती हसली. लग्नाच्या जुन्या फोटोत हसते तशी.

"तरीच," ती म्हणाली. "तरीच ते थांबतात माझ्यासाठी. पान उलटायच्या आधी विचारतात, झालं?"

"आई, मी तो काढून टाकतो."

"हात लावशील तर याद राख."

एवढ्या वर्षांत तिने मला असा दम दिला नव्हता.

तरी मी एकदा लावलाच. तीनशे तीसावर असताना, ती झोपलेली पाहून, बुकमार्क काढला आणि पहिल्या पानात ठेवला. पाचला उठली ती हसतच. "कुणी मागे नेलं पुस्तक? तुझे बाबा म्हणाले, त्याला सांग, ही लिफ्ट नाही वर-खाली करायला." दुसऱ्या दिवशी सकाळी बुकमार्क तीनशे तीसावर होता.

शेवटची सहा पानं उरली तेव्हा मी रजा टाकली. आदल्या दिवशी संध्याकाळी अर्ज लिहिला, 'कारण' या रकान्यात 'आईची तब्येत' असं लिहून खाली सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. बायको कामावर गेली होती. घरात आम्ही दोघंच.

तीनला आईचा डोळा लागला. मी तिच्या शेजारी स्टुलावर बसलो आणि तिचा हात दोन्ही हातांत धरला. पुस्तक समोर कट्ट्यावर. मी नजर हलवली नाही. एकही पान हललं नाही. खिडकीतलं ऊन मात्र पुस्तकावरून हळूहळू खाली उतरलं.

चारला हात गार पडला.

पाच वाजले. ती उठली नाही.

पाच वाजून पाच मिनिटं. मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा खांदा हलवून मारली.

पाच वाजून दहा.

"आई, मला सोडून नको गं जाऊस," मी म्हणालो. चाळिशी उलटलेला माणूस, मोठ्याने, रिकाम्या घरात.

तिच्या बोटांनी माझी बोटं दाबली.

"किती घट्ट धरलायस," ती डोळे न उघडता म्हणाली. "जात नाहीये कुठे. चहा टाक."

मी पुस्तक उघडलं. बुकमार्क शेवटच्या पानात होता. मला रडू आवरेना. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली, आणि तो हात आता उबदार होता.

"छान संपलं पुस्तक," ती म्हणाली. "आणि हे बघ, तुझे बाबा म्हणत होते, हा बिचारा दोन तास नुसता हात धरून बसला. कंटाळला असेल. पुढच्या पुस्तकाला त्यालाही घेऊ."

मी हसलो. डोळे पुसत स्वयंपाकघरात गेलो, गॅसकडे वळलो.

मोरीच्या कठड्याला जाळीची चौकट टेकवून ठेवलेली होती. दोन महिन्यांपूर्वी मीच ती धुऊन माळ्यावर टाकली होती. तिच्यातून पाणी निथळत होतं. वर कागदाचा जाडसर, एकसारखा, ओला थर होता.

मी वाकून पाहिलं. मध्यावर नखाएवढा एक तुकडा नीट न दळलेला राहिला होता. त्यावर कालची तारीख होती आणि माझी अर्धी सही. शाई अजून पसरत होती.