बांगडीची आतली बाजू

तो आला तेव्हा माझे दोन्ही हात लाखेने बरबटले होते आणि नाकावर वाळू होती. पहिल्या भेटीत मुलीने कसं दिसावं याबद्दल पिशीची, म्हणजे माझ्या आत्याची, फार मतं आहेत. त्यातलं एकही मी पाळलेलं नव्हतं.

मार्गशीर्षात आमच्या बंगालातल्या विष्णुपूरला संध्याकाळ लवकर उतरते. तळ्यावरून धुकं निघतं, आधी घाटाच्या पायऱ्या गिळतं आणि मग आमची शंखकारांची गल्ली. मी उंबऱ्यात बसून वाळूच्या काठ्या करत होते. वेळूची बारीक काडी घ्यायची, तिच्यावर ऊन लाख फिरवायची आणि लाख मऊ आहे तोवर चाळलेल्या वाळूत लोळवायची. आमच्याकडे नवरी घालते ती शंखाची बांगडी बाहेरून कुणीही घासेल. आतून घासायला मात्र हीच काठी लागते, आणि धीराचा हात. आमच्या घरात तो हात माझा.

"इथे बांगडी आतून घासून मिळते?" धुक्यातून आधी आवाज आला, माणूस मागाहून.

"मिळते. धुक्यात उभं राहून विचारलं तर नाही मिळत."

तो हसला आणि पुढे आला. निशीथ त्याचं नाव. तळ्याच्या पलीकडच्या काठावर त्याचं घर, घरात रेशमाचे माग. त्याने शालीतून एक लाकडी पेटी काढली. पेटीचा तळ ओला होता.

"पाण्यात पडली होती का?"

"नाही... कपाटात असते. पण ओलीच असते."

आत शंखाच्या बांगड्यांची जोडी होती. जुनी, बाहेरून देखणी, वेलबुट्टी काढलेली.

"आईचा हट्ट आहे," तो म्हणाला. "माझी बायको होईल तिने हीच घालायची. मुलगी बघायला गेलो की आई पेटी घेऊन बरोबर. अजून एकीच्याही अंगठ्यापलीकडे गेली नाही. उलट मुलींचे हात ओरबाडतात."

"बरंय की. तुम्हाला नाही म्हणायला त्यांना दुसरं कारण शोधावं लागत नाही."

"जीभ पण वाळूत लोळवता का?" तो म्हणाला. "ते जाऊ दे. असं घासा की कुणाच्याही हातात जाईल. म्हणजे हे नाटक संपेल."

"कुणाच्याही?"

"कुणाच्याही," असं म्हणून तो उगाचच माझ्या नाकावरच्या वाळूकडे बघत राहिला.

मी बांगडीत बोट फिरवलं आणि दचकले. आत करवतीचे ओरखडे तसेच होते. आमच्या गल्लीतून असा माल बाहेर पडत नाही. मी पिशीला हाक मारली. तिला आता नीट दिसत नाही, पण तिची बोटं अजून बघतात. तिने बांगडी आतून-बाहेरून चाचपली.

"हा माझ्या बाबांचा हात," ती म्हणाली. "निभाची जोडी आहे ही."

"निभा माझी पिशी," निशीथ हळूच म्हणाला. "मी जन्मायच्या आधीच..."

लग्नाच्या आदल्या दिवशी निभा तळ्यावर गेली ती परतली नाही. सापडलीसुद्धा नाही. जोडीवरची नक्षी तोवर झाली होती, आतली घासणी राहिली होती. मेलेल्या मुलीची बांगडी कोण घासत बसतं? आजोबांनी ती तशीच तिच्या घरी पोचती केली.

"घास," पिशी मला म्हणाली. "पण बोटानेच बघ. हातात चढवू नकोस."

हा आमचा नियमच आहे. कुमारिकेने बांगडी बोटाने जोखायची. हातात चढवली तर बांगडी ज्या घरची, त्या घरची ती मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी मी घासायला बसले. शंखाची पूड कोरडी पडते, मैद्यासारखी. ही ओली पडत होती. मी तीनतीनदा हात पुसले. तेवढ्यात दिवेलागणीला निशीथ आलाच.

"झाली?"

"एक अर्धी झालीय."

"अर्ध्याने काय होणार? तुम्हीपण हरणार बहुतेक."

झालं, मला तेवढंच पुरलं. "तुमच्या त्या मुलींचे हात होते की मुसळं?" म्हणत मी बांगडी बोटांवर चढवली. मला फक्त अंगठ्यापर्यंत नेऊन दाखवायची होती. पण ती थांबलीच नाही. तेल नाही, दाबणं नाही... कुणीतरी गार हातात माझा हात घ्यावा तशी ती सरळ मनगटावर गेली. आणि परत येईना.

पिशीने कपाळावर हात मारून घेतला. बांगडी फोडणं हा शब्द आम्ही तोंडातून काढत नाही, बांगडी वाढवली म्हणतो. आणि वाढवली तर ज्याच्या नावाची असेल त्याच्या जिवावर येतं. ही तर आता निशीथच्या नावाची. बाबा दक्षिणेत शंख आणायला गेले होते, आठवड्यात येणार होते. पोरीच्या हातात मेलेल्या नवरीचा शंख बघितला असता तर त्यांनी पहिल्यांदा हातोडी घेतली असती.

"हातातच घासून सैल करायची," पिशी म्हणाली. "टगर, तुला एका हाताने जमायचं नाही. मला दिसत नाही. तू बस रे पोरा. कारण तूच आहेस."

मग रोज संध्याकाळी आम्ही घाटाच्या पायरीवर बसायचो. पिशी वरच्या पायरीवर मुरमुरे आणि नवा गूळ खात पहारा द्यायची. तो माझं मनगट मांडीवर घेई, कातडी आणि शंख यांच्यामधल्या फटीतून काठी घाली आणि हळूहळू फिरवी. रेशमाचा धागा धरणारी बोटं ती... मला काही बोलताच यायचं नाही. मला!

"दुखतंय?"

"नाही. खरखरीत बाजू टोचते जरा."

"नाडी फार जोरात चाललीय तुमची."

"थंडीने."

"थंडीने नाडी मंद होते."

"तुम्ही विणकर की वैद्य?"

एकदा धुकं जरा विरळ झालं आणि पाण्यात आमचं प्रतिबिंब दिसलं. तो, मी आणि मांडीवर माझे हात. बांगडी माझ्या डाव्या हातात होती. पाण्यात मात्र दोन्ही हातांत होती. मी उजवा हात वर उचलला. पाण्यातला उचलला गेला नाही.

निशीथने माझं मनगट घट्ट धरलं. "तू पण बघितलंस?" त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना तुम्ही म्हणालो नाही.

भीती वाटायची. खोटं कशाला सांगू? सकाळी उठले की उशीवर पांढरी पूड असायची, ओली. आदल्या दिवशीची केसांत राहिली असेल, असं मी स्वतःला समजवायची. आणि संध्याकाळची वाट बघायची.

मग बाबांचा फोन आला, उद्या पोचतो. त्या संध्याकाळी निशीथ काठी हातात घेऊन नुसताच बसून राहिला.

"टगर, एक सांगू? रागावशील."

"सांग की."

"मी रोज झिजलेली काठी वापरत होतो. वाळू उडालेली. पहिल्या दिवशी चुकून उचलली. नंतर... मुद्दाम. सैल झाली असती तर तू हात परत घेतला असतास."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"नव्या काठीचा आवाज खसखस येतो. तुझी काठी मुकी होती. शंखकाराची मुलगी आहे मी, तेवढं कळत नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?" मी म्हटलं. "मला तू आवडतोस म्हणून नाही बोलले. आता झालं समाधान?"

त्याने माझा हात उचलून गालाला लावला. आणि बांगडी घसरली. अलगद, तेल लावल्यासारखी, त्याच्या ओंजळीत येऊन पडली.

आम्ही दोघं बघतच राहिलो. मी आत बोट फिरवलं. एकही ओरखडा नव्हता. माझ्या आयुष्यात मी इतकी गुळगुळीत घासणी केलेली नाही. उशीवरची पूड मला आठवली. मग इतके दिवस ही घासत कोण होतं?

पिशीने बांगडी हातात घेतली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुला धरून नव्हती ठेवली गं निभाने. सोडवत होती. तिला तिची जोडी हवी होती, पुरी झालेली. आमच्याकडचं काम राहिलंय तिचं."

मी तिथेच पायरीवर बसले, नवी काठी घेतली आणि पेटीतली दुसरी बांगडी घासली. घाई केली नाही. नवरीच्या बांगडीला घाई करत नाहीत. आतली बाजू गालावर फिरवून बघितली आणि मग जोडी पाण्यावर ठेवली. शंख बुडतो तेव्हा बुडबुडा येतो. तेव्हा आला नाही. पाणी थोडं वर उचललं गेलं, इतकंच.

जोडी पाण्यात गेली हे ऐकून निशीथची आई आधी रडली, मग तिने विचारलं, "कुणाच्या हातात तरी गेली होती का?" पिशीने साक्ष दिली, माझ्या हातात गेली होती. हट्ट त्याच्या आईचाच होता, आता ती तरी काय म्हणणार? बाबा रागावले, दोन दिवस बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या मापाचा शंख निवडायला बसले.

माझ्या जोडीची आतली घासणी निशीथने केली. हट्टच धरला होता त्याने. विणकराच्या हाताने शंख घासला तर जे व्हायचं ते झालं, अंगठ्याच्या बाजूला एक खरखरीत जागा राहिली. लग्नाच्या रात्री त्याने विचारलं, "टोचतंय?"

"टोचतंय. राहू दे, तुझ्या हाताची खूण."

सकाळी जाग आली. उशीवर पांढरी पूड होती, ओली. मी बांगडीत बोट घालून बघितलं. खरखरीत जागा कुठे होती तेसुद्धा कळेना.

निशीथला मी हे अजून सांगितलेलं नाही. तो रोज माझं मनगट हातात घेऊन विचारतो, आणि मी रोज सांगते, हो, टोचतंय.