अकरा खोडरबर

ती खरं तर खडू घ्यायला गेली होती. कापडावर खुणा करायचा असतो ना, तो चपटा. ती ज्या दुकानात कपडे दुरुस्त करायची, तिथला शेवटचा तुकडा त्या दुपारी मोडला आणि ती घाईघाईत समोरच्या स्टेशनरीच्या दुकानात शिरली.

दुकानदार तरुण होता. त्याने फळ्यावरच्या खडूंची पेटी पुढे केली.

"हे नाही हो... कपड्यावरचे."

"कपड्यांवर लिहिता तुम्ही?" त्याने इतक्या गंभीरपणे विचारलं, की तिला हसू आवरेना.

रिकाम्या हाताने परत जाववेना, म्हणून तिने एक निळी वही घेतली. सुटे पैसे देणाऱ्या त्याच्या बोटांना शाई लागली होती... आणि मग उरलेला दिवसभर तिचं कामात लक्ष म्हणून लागलं नाही.

"वही आणलीच आहेस तर रोजचा खर्च लिही," ताई म्हणाली. दोघी बहिणी एकाच खोलीत राहत. "पगार हातात टिकत नाही तुझ्या. स्वतःचं मशीन घ्यायचंय ना?"

घ्यायचं तर होतंच! गल्लीच्या टोकाच्या मावशी शिवणकाम सोडणार होत्या. आपलं मशीन त्यांनी तिच्यासाठी तीन महिने राखून ठेवायचं कबूल केलं होतं. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. म्हणून तिने पानावर तीन रकाने आखले – गरज, हौस, उगाच – आणि अगदी प्रामाणिकपणे लिहीत गेली.

तीन महिने भरायला दोन दिवस उरले, तेव्हा ताईने बेरीज केली. मशीनला थोडेच पैसे कमी पडत होते आणि जवळजवळ तेवढेच 'उगाच'मध्ये गेले होते.

"अकरा खोडरबर? तू पेन्सिलीने लिहितेस तरी का?"

"लागतात कधी कधी..."

"चाळीस पाकिटं, पाच कंपासपेट्या... आणि पृथ्वीचा गोल?"

"स्वस्त होता गं."

ताईने तिच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. मोठी बहीण होती ती, तिला काय कळायचं राहणार?

दुसऱ्या दिवशी तिने सगळं पिशवीत भरलं. मशीन हवं तर हे परत करायलाच हवं होतं. आणि एकदा परत केलं, की त्या दुकानाची पायरी पुन्हा कोणत्या तोंडाने चढायची? तरी तिने रस्ता ओलांडला.

त्याने एकेक वस्तू काउंटरवर मांडली. "यातलं काहीच वापरलेलं नाही."

"नाही."

"मग घेत कशाला होतात?"

तिने वहीच उघडून पुढे सरकवली. तो वाचत राहिला. पंख्याच्या वाऱ्याने पाकिटं उडून खाली पडली, पण ती उचलायचं दोघांनाही भान नव्हतं.

मग तो खाली वाकला आणि काउंटरखालचे खोडरबरांचे दोन भरलेले डबे त्याने वर ठेवले.

"अगंबाई! इतके कोण घेतं?"

"कोणीच नाही. तुमच्याशिवाय कोणीच नाही." तो अडखळला. "मला वाटायचं... हे संपले तर तुम्ही काय घ्यायला याल?"

तिच्या छातीत असं काही धडधडलं, की त्यालाही ऐकू जाईल अशी तिला भीती वाटली.

त्याने सगळे पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले. मग एक खोडरबर घेऊन तो वहीतला 'उगाच' घासू लागला.

"अहो, शाई आहे ती! पान फाटेल!"

"मग तूच खोड."

ते 'तू' ऐकून तिला किती बरं वाटलं! त्याच्या कानामागचं पेन तिने हळूच काढून घेतलं, 'उगाच'वर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं – 'गरज'.

"उद्या काय घ्यायला येशील?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "नुसतीच येईन."